गजराबाईचा जबाब

जळकोटात ख्रिस्ती घरं सहा, आणि त्या सहा घरांचं चर्च म्हणजे गजराबाईची पुढची खोली. महिन्याच्या तिसऱ्या रविवारी फादर मोटरसायकलवरून यायचे. खोलीतली बाज बाहेर निघायची, टेबलावर पांढरा कपडा पडायचा आणि मिस्सेची उपासना व्हायची. बाकीचे दिवस धर्म गजराबाईच्या हवाली. पोरांकडून दहा आज्ञा पाठ करून घेणं, मयताच्या घरी जपमाळ घेऊन बसणं, उपवासकाळातल्या शुक्रवारी कुणाच्या चुलीवर मटण शिजतंय याचा माग काढणं, सगळं तिच्याकडं. तोंडाची फटकळ, त्यामुळं सगळे तिला वचकून असत. फादर परवडले पण ही नको, असं तिची सख्खी जाऊ उघड म्हणायची.

हा कारभार तिला नवऱ्याकडून आला होता. गोरोबा मास्तर मिशनचे धर्मशिक्षक. चाळीस वर्षं त्यांनी ऊन म्हटलं नाही, पाऊस म्हटला नाही, पार तामलवाडीपर्यंत सायकल हाणली. लग्न होऊन आली तेव्हा गजराबाईला अक्षर येत नव्हतं. मास्तरांनी धर्मशिक्षणाच्या पुस्तकावरच तिला बाराखडी शिकवली आणि सही करायला लावली. पुढं गावातल्या पोरांचे धडेही तिच्याकडंच दिले. सहा वर्षांपूर्वी ते गेले ते तिच्या मांडीवर. ती 'नमो मारिया' म्हणत होती आणि त्यांचे ओठ तिच्यामागं हलत होते, बोटांत जपमाळ घट्ट होती.

कागदावर मात्र हे घर हिंदू मांगाचं. सासऱ्यांनी बाप्तिस्मा घेतला तरी शाळेच्या दाखल्यावरचं कुणी हलवलं नाही. हलवलं असतं तर सवलत गेली असती. अनुसूचित जातीतला माणूस ख्रिस्ती झाला की कायद्यानं त्याची सवलत संपते. त्याची जात मात्र गावात कुणी संपवत नाही, ती बरोबर लक्षात ठेवतात. म्हणून या घरात प्रत्येकाला दोन नावं, एक शाळेतलं आणि एक बाप्तिस्म्याचं, आणि दोन्हींची कधी गाठ पडू द्यायची नाही, एवढं शहाणपण लहान पोरांनाही होतं.

यंदा ती गाठ पडली. नात मंजुषा हिला राखीव जागेवर नर्सिंगला प्रवेश मिळाला. जात पडताळणीचा कागद तेवढा द्यायचा होता, आणि नेमका तेव्हाच कुणी तरी निनावी अर्ज ठोकला की हे कुटुंब ख्रिस्ती आहे, चौकशी करा. चौकशीचा माणूस मंगळवारी घरी येणार असा निरोप आला.

सोमवारी गजराबाईच्या मुलानं, महारुद्रनं, भिंतीवरचा क्रूस उतरवला. येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर काढली. सगळं चादरीत गुंडाळून सोयाबीनच्या पोत्यांमागं ठेवलं आणि तुळजापुराहून आणलेला भवानीचा फोटो त्याच खिळ्याला अडकवला. मग आईला पढवायला बसला. कुलदैवत विचारलं तर येरमाळ्याची येडाई सांगायची, लग्नं कशी लागतात ते शेजाऱ्यापाजाऱ्यांचं बघितलंयस तसं सांगायचं, आणि कमी बोलायचं. गजराबाईनं त्याला घरादारासकट शिव्या घातल्या. अशा भाकरीपेक्षा उपाशी मरू म्हणाली आणि चुलीपुढं बसली ती उठेचना.

मंजुषा येऊन तिच्याजवळ बसली. पोरीनं आदळआपट केली नाही की डोळ्यांत पाणी आणलं नाही.

"आजी, तुझ्या जिवावर येत आसंल तर ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "म्या पप्पाला सांगते. म्या जाईन मायसंगं सोयाबीन काढायला."

हे ती टोमणा म्हणून बोलली असती तर गजराबाईनं तिला जागेवर उत्तर दिलं असतं. पण पोरगी खरंच तयार होती. बारावीला तालुक्यात नाव काढलेली ही पोर उद्यापासून विळा घेऊन निघेल आणि परत एका शब्दानं बोलणार नाही, हे म्हातारीला लख्ख दिसलं. तिनं पोरीच्या पाठीवरून हात फिरवला आणि भाकरी थापायला घेतली.

चौकशीला आले ते राजशेखर साहेब. निवृत्तीला टेकलेले, मवाळ माणूस. बूट दाराबाहेर काढले, गजराबाईला मावशी म्हणाले, कोरा चहा घेतला. कुलदैवत विचारलं, लग्नात हळद कशी लावता विचारलं, जावळ कुठं काढता विचारलं. गजराबाईनं धडाधडा सांगितलं. आयुष्य गावात गेलेलं, कुणाचं काय कसं असतं ते तिला ठाऊक नव्हतं थोडंच. दारात उभ्या महारुद्रचा जीव भांड्यात पडत चालला.

मग साहेबांनी विचारलं की तुमचे मालक मिशनमध्ये मास्तर होते असं अर्जात लिहिलंय, ते कसं काय?

हे काही पढवलेलं नव्हतं. महारुद्र खाकरला. गजराबाईनं साहेबांचा रिकामा कप उचलून बाजूला ठेवला. साहेबांनी तिच्याकडं बघितलं आणि हातातला पेन कागदावर आडवा ठेवला.

"मावशी, भिऊ नका. काय आसंल ते खरं सांगा. कुणाची जबरदस्ती न्हाय तुमच्यावर."

गजराबाई म्हणाली, "पोटासाठी व्हते, साहेब. मिशन पगार द्यायचं म्हनून सायकल हाणायचे. मनातनं त्यांनी ते कधीच मानलं न्हाय."

साहेबांनी पेन उचलला आणि लिहायला लागले. तेवढ्यावर थांबली असती तरी चाललं असतं. पण गोष्ट सांगायला बसली की ती पुरती रंगवल्याशिवाय सोडायची नाही, ही तिची जुनीच खोड. कुणी विचारलं नसताना तिनं पुढं जोडलं, "मरताना बी येडाईचंच नाव व्हतं तोंडात."

जबाब वाचून दाखवला गेला. अंगठा की सही, असं साहेबांनी विचारलं. गजराबाईनं सही केली, मास्तरांनी शिकवली होती तशी, काना-मात्रा न चुकता.

महिन्याभरात कागद आला. मंजुषा ट्रंक घेऊन कॉलेजला गेली, गल्लीत पेढे वाटले गेले. क्रूस मात्र भिंतीवर परत चढला नाही. मंजुषाची धाकटी बहीण शिवांजली अकरावीत होती. दीड-दोन वर्षांत तिचाही कागद करायचा होता आणि अर्ज ठोकणारा गावातच कुठं तरी जेवूनखाऊन सुखात होता. त्यामुळं मिस्सेपुरता क्रूस बाहेर यायचा आणि फादरांची गाडी वळली की पोत्यांमागं जायचा. तुळजापूरच्या फोटोसमोर आता महारुद्रची बायको उदबत्तीही लावायची, उगीच कुणाला शंका नको म्हणून.

मिस्सेचे दोन रविवार गजराबाईनं अंगात कणकण आहे म्हणून काढले. पापनिवेदनाला बसली नाही, कम्युनियन, म्हणजे ख्रिस्ताचं शरीर मानून देतात ती पातळ भाकर, घेतलं नाही. तिसऱ्या खेपेला तिच्यानं राहवलं नाही. लोक अंगणात जमत होते. फादर आतल्या खोलीत भांड्यांच्या मांडणीखाली स्टुलावर बसले होते, तोंड भिंतीकडं करून. ती त्यांच्या शेजारी गुडघे टेकून बसली आणि तिनं सगळं सांगितलं. क्रूस काढला ते, येडाईचं ते आणि मास्तरांचं ते. मास्तरांचं तिनं दोनदा सांगितलं.

फादर तिशीतले, मायाळू. भीतीपोटी माणसाच्या तोंडून निघतं, देवाला सगळं कळतं, असं ते हळू आवाजात म्हणाले.

"भीती कुठली, फादर?" गजराबाई म्हणाली. "साहेब भला मानूस व्हता. पेन खाली ठिवला व्हता त्यानं."

फादर म्हणाले की मनापासून दुःख झालंय ना, मग पुन्हा असं करणार नाही एवढं म्हणा, म्हणजे झालं.

तिला ते म्हणता येईना. शिवांजलीच्या वेळी साहेब आला तर ती हेच सांगणार होती. उलट आता तर मास्तरांबद्दलचंही शब्दाला शब्द तेच सांगावं लागणार होतं, कारण सही केलेला जबाब बदलला तर मंजुषाचाही कागद गेला असता. तिनं हे फादरांना सांगितलं.

फादर म्हणाले, त्या वेळचं त्या वेळी बघू, आजच्या पुरता पश्चात्ताप आहे ना?

"पोरगी नर्स व्हतीया याचा मला आनंद व्हतो," ती म्हणाली. "रातंदिस व्हतो. पश्चात्ताप कुठनं आणू?"

फादरांनी डोळे मिटले आणि क्षमेचे शब्द म्हणण्यासाठी हात उचलला. नियमात बसो न बसो, म्हातारीला मोकळं करायचं त्यांनी ठरवलं असावं. गजराबाईनं तो हात वरच्या वर धरला.

"नका देऊ, फादर. तीस वर्सं पोरांना शिकवत आले, की पुन्ना करनार न्हाय म्हटल्याबिगर क्षमा घ्यायची न्हाय. साहेबाच्या कागदावर खोटं बोलले. मालकाच्या नावानं खोटं बोलले. एवढी एक जागा तरी ऱ्हाऊ द्या, जिथं म्या खोटं बोलले न्हाय."

फादरांचा हात खाली आला. बाहेरून कुणी तरी हाक मारली, उशीर होतोय म्हणून.

मिस्सा नेहमीसारखी झाली. गाणी गजराबाईनंच उचलली, घंटीही तिनंच वाजवली. कम्युनियनला सहा घरं रांगेत उभी राहिली. महारुद्र भांग पाडून सगळ्यांत पुढं होता. त्यानं जीभ पुढं केली, घेतलं, क्रुसाची खूण केली आणि जागेवर येऊन बसला. त्याच्या मनाला काही लागल्याचं दिसलं नाही. गजराबाईला त्याचा राग आला, मग हेवा वाटला. क्षमा न घेतलेल्याला ते घ्यायचा हक्क नाही, म्हणून ती सतरंजीवरून हलली नाही. जावेनं दोनदा वळून बघितलं. रांग संपल्यावर फादर हातात ख्रिस्तशरीर धरून तिच्याकडं बघत जरा जास्तच थांबले. तिनं नजर सतरंजीवर ठेवली. शेवटी त्यांनी प्याल्यावर झाकण ठेवलं.

तिनं मनात हिशेब घातला. शिवांजलीचा कागद व्हायला दोन वर्षं. मग मंजुषाच्या नोकरीच्या वेळी फाईल पुन्हा उघडणार. मग पोरींची पोरं. तिचं वय एकाहत्तर. पुन्हा करणार नाही असं म्हणायची वेळ तिच्या हयातीत येणार नव्हती.

मास्तर गेल्यापासून एका गोष्टीवर तिनं दिवस काढले होते. आज ना उद्या आपण वर जाऊ आणि ते दारातच उभे असतील, उशीर का केलास म्हणून विचारतील, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. भाकरी थापताना, खुरपताना ती त्यांच्याशी मनात बोलायची, भेटल्यावर काय काय सांगायचं ते साठवून ठेवायची. त्या साठ्यात हा जबाबही येऊन बसला होता. आता फादर शेवटची प्रार्थना म्हणत होते, सगळे उभे होते, तीही उभी होती, आणि गुडघ्यांवरची धूळ झटकता झटकता तिच्या मनात आलं की वर कुणी नसलं, काहीच नसलं, तर किती बरं होईल.

सगळ्यांबरोबर ती "आमेन" म्हणाली.