आठ डोक्यांचं यंत्र

कंपनीत त्याला सगळे पैलवान म्हणत, आणि नवा माणूस त्याला पहिल्यांदा बघायचा तेव्हा हमखास हसू दाबायचा. अंगकाठी म्हणाल तर फुंकर मारली तर उडेल अशी. नाव पडलं ते पहिल्या कन्सोलच्या वेळी. टीव्हीला जोडून गेम खेळायचं ते यंत्र तेव्हा कंपनीत कुणालाच नको होतं. रेडिओ आणि घड्याळं विकणाऱ्यांनी खेळण्यांच्या नादी कशाला लागायचं, असं संचालकांचं मत. हा एकटा उभा राहिला आणि एका दुपारीत सगळ्यांना चीत करून बाहेर आला. पुढे ते यंत्र तडाख्यानं खपलं. दुसरं त्याहून जास्त खपलं. ‘गेम खेळू या’ म्हणण्याऐवजी मुलं कंपनीचंच नाव घ्यायला लागली.

तेव्हापासून पैलवानाला ‘नाही’ म्हणायची कुणाची प्राज्ञा नव्हती. अपवाद एकच, त्याची थोरली बहीण.

ताई गेम बनवायची. कापडाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर तिचा स्टुडिओ होता. माणसं मोजकी, पण एकेक नग. तिचा ‘दीपस्तंभ’ नावाचा गेम, ज्यात वादळात एकटी अडकलेली रखवालदारीण भरकटलेल्या बोटींना वाट दाखवते, त्याचे दोन्ही भाग भावाच्या यंत्रावर आले आणि लोकांनी डोक्यावर घेतले. यंत्रामुळे गेम चालला की गेममुळे यंत्र, यावर बहीणभावांचं जेवताना भांडण ठरलेलं. आई दोघांनाही गप्प बसवायची.

तिसरं यंत्र तयार झालं तेव्हा पैलवान ते स्वतः काखेत मारून ताईच्या स्टुडिओचा जिना चढला. मागोमाग ड्रायव्हर माहितीपुस्तकाचे तीन जाडजूड खंड घेऊन आला.

“आठ डोकी आहेत याला,” यंत्र टेबलावर ठेवत पैलवान म्हणाला. “एक मुख्य, बाकी सात हाताखालची. असा प्रोसेसर जगात कुणाकडे नाही.”

“आणि त्या सात जणांना कामं कोण वाटून देणार?” ताईनं विचारलं.

“तुम्ही. प्रोग्राम लिहिणारे.”

ताईचे मुख्य प्रोग्रामर, ज्यांना सगळे मास्तर म्हणत, पहिला खंड चाळत होते. त्यांचा चेहरा पानागणिक लांब होत गेला. “म्हणजे प्रत्येकाला चिमूटभर काम मोजून द्यायचं, झालं की परत घ्यायचं, पुढचं द्यायचं. आणि एकाचा उशीर झाला की बाकीचे सगळे हात बांधून उभे. साहेब, मग गेम कधी लिहायचा?”

“अवघड आहे, कबूल. पण अवघड आहे म्हणूनच त्यात दम आहे! सोपी यंत्रं वर्षभरात पिळून निघतात. याच्यातून दहा वर्षं नवं काही ना काही निघत राहील.”

“अरे, दहा वर्षांचं पुढे बघू,” ताई म्हणाली. “पण पहिल्या वर्षी काय? तुमच्याशी टक्कर घेणाऱ्या त्या समोरच्या कंपनीचं यंत्र आलं होतं आमच्याकडे. ताकद कमी आहे, पण मास्तरांनी दुपारी लावलं आणि संध्याकाळी पडद्यावर समुद्र हलत होता.”

पैलवान मोकळेपणानं हसला. “जाशील कुठे, ताई?”

ताई हसली नाही. मास्तरांनी खंड मिटला.

काही दिवसांनी तिचा फोन आला. “‘दीपस्तंभ’चा तिसरा भाग समोरच्यांच्या यंत्रावर येतोय. तुझ्या यंत्रावर आणायचं नंतर बघू. पेपरात वाचण्याआधी माझ्याकडून ऐकावंस, म्हणून सांगते.”

पैलवान म्हणाला, “भाऊ म्हणून वाईट वाटलं. कंपनी म्हणून काडीचा फरक पडत नाही.” आणि ते त्याला मनापासून वाटत होतं. जाहीर समारंभात एका पत्रकार बाईंनी विचारलं, “सर, पहिल्या दिवशी तुमच्या यंत्रावर खेळायला गेम कोणते असतील?” त्यावर तो म्हणाला, “बाई, आमचं नाव हाच गेम.” टाळ्यांचा कडकडाट झाला. टाळ्या वाजवणारे बहुतेक कंपनीचेच होते, हे त्याच्या ध्यानात आलं नाही.

विक्रीच्या पहिल्या सकाळी तो चौकातल्या मोठ्या दुकानापाशी गेला. दुकान उघडायचं होतं आणि रांग पार कोपऱ्यावरून वळून मागच्या गल्लीत गेली होती. पैलवानाला गगन ठेंगणं झालं. कंपनीचं चिन्ह असलेल्या टोप्यांची खोकी त्यानं गाडीतून उतरवून घेतली आणि रांगेच्या शेवटापासून एकेकाशी हात मिळवत, टोपी देत पुढे निघाला. लोकही खूश. भल्या सकाळी फुकट टोपी कुणाला नको असते?

अर्ध्या वाटेवर एका बाईंनी टोपी घालून बघितली. “काका, ही ‘दीपस्तंभ’बरोबर मिळतेय का? की वेगळी?”

“नाही हो, ही आमच्या नव्या यंत्राची.”

“तुमच्या म्हणजे?” त्यांनी टोपीवरचं चिन्ह नीट बघितलं आणि त्या संकोचल्या. “अहो, ही रांग दुसऱ्यांची आहे. तुमची पलीकडच्या दारापाशी.”

समोरच्या कंपनीनं आपलं यंत्र त्याच दिवशी बाजारात आणलं होतं. पैलवानालाही ते माहीत होतं, पण आपल्या दिवशी दुसऱ्या कुणासाठी रांग लागेल ही शक्यताच त्याच्या डोक्यात आली नव्हती. पलीकडच्या दारापाशी सातआठ जण उभे होते. त्यातले दोघे तर कंपनीच्याच हिशेब खात्यातले.

बरोबरचा विक्री अधिकारी कानाशी लागला. “साहेब, टोप्या परत मागू या?”

“वेडा आहेस का? दिलेली टोपी परत मागतात होय?” पैलवान म्हणाला आणि उरलेल्या रांगेला अगदी दारापाशी उभ्या असलेल्या पहिल्या माणसापर्यंत टोप्या वाटून आला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं इतक्या लोकांना टोपी घातली, आणि फसला मात्र तो स्वतः.

पुढचे काही महिने तो कारणं देत राहिला. अजून परीक्षा चालू आहेत. अजून जाहिरात पोचली नाही. लोकांना कळायला वेळ लागतो. गोदामात खोक्यांची थप्पी छताला टेकली, तेव्हा गोदामप्रमुखानं फक्त एवढंच विचारलं, “आता नवीन माल जिन्यात ठेवू का?”

अध्यक्षबाईंनी बोलावून घेतलं. त्या मितभाषी होत्या. “एक तर यंत्र बंद करू, नाहीतर तुम्ही काहीतरी करा. काय करताय?”

“मी स्वतः त्याच्यावर एक प्रोग्राम लिहून बघतो,” पैलवान म्हणाला.

बाईंना ते उत्तर बहुधा अपेक्षित नव्हतं. पण पैलवान मुळात अभियंता होता आणि कित्येक वर्षांत त्यानं बैठकांखेरीज काही केलं नव्हतं. केबिनचं दार लावून त्यानं माहितीपुस्तकाचा पहिला खंड उघडला. पडद्यावर एक चेंडू टप्पे खात फिरवायचा, बस. त्याला वाटलं, जेवणाच्या सुट्टीच्या आत होईल. संध्याकाळी चेंडू जमिनीतून खाली निघून गेला तो गेलाच. दुसऱ्या दिवशी चेंडू वर आला आणि अडकून बसला. तिसऱ्या खंडापर्यंत पोचता पोचता पैलवानानं स्वतःच्याच यंत्राला अशा शिव्या घातल्या की बाहेर बसलेल्या सेक्रेटरीनं रेडिओचा आवाज वाढवला. शेवटी एकदाचा चेंडू उडाला. सात डोकी झोपलेली, एकट्या आठव्याच्या जिवावर.

पैलवान खुर्चीत मागे रेलला आणि पोट धरून हसला. मग कोट उचलला आणि थेट ताईचा जिना चढला.

“चेंडू उडवला मी,” त्यानं दारातूनच सांगितलं.

“किती डोक्यांवर?” मास्तरांनी मान वर न करता विचारलं.

“एका. दुसरं जोडलं की भिंतीतून बाहेर जातो.”

आता मास्तरांनी मान वर केली. “आमचाही तिथेच जायचा.”

“ताई, मला इथे एक टेबल दे. मला आणि माझ्या चार माणसांना.”

ताईनं त्याच्याकडे निरखून बघितलं. “टेबल मिळेल. पण इथे पैलवान कुणी नाही. चहा ज्याचा त्यानं करायचा आणि कप ज्याचा त्यानं विसळायचा.”

“यंत्र चालेल, ताई. मी सांगतो ना तुला.”

“चालेल हे तुझंच म्हणणं आहे अजून?”

“शंभर टक्के. यंत्र चुकलेलं नाही. ते तुमच्या गळ्यात मारून निघून गेलो, ते चुकलं.”

मग सुरू झाली खरी कुस्ती. मास्तर गेम लिहायचे, आणि ज्या ज्या ठिकाणी घोडं अडायचं, तिथे पैलवानाची माणसं तयार अवजार बनवून द्यायची. हळूहळू कामाची वाटणी यंत्र आपलं आपणच करायला लागलं. तीन खंडांचं पातळ पुस्तक झालं. ते इतर स्टुडिओंना गेलं तेव्हा तिकडून आधी अविश्वासाचे आणि मग आनंदाचे फोन आले. उन्हाळा सरता सरता गोदामाच्या जिन्यातली खोकी हलली, मग थप्पी उतरायला लागली. पहिला नंबर काही परत मिळाला नाही. त्या फेरीत समोरचेच पुढे राहिले. पण यंत्र बंद करायची भाषा कुणी केली नाही. ‘दीपस्तंभ’चा तिसरा भाग उशिरा का होईना या यंत्रावर आला, आणि त्यातल्या वादळात लाटा अशा अंगावर यायच्या की लोक नुसतं बघायला दुकानात थांबायचे. समोरच्यांच्या यंत्राला तशा लाटा झेपत नव्हत्या.

चौथ्या यंत्राच्या वेळी चिपची एक रेघ ओढण्याआधीच पैलवानानं बारा-पंधरा स्टुडिओंना बोलावलं. दिवसभर तो ऐकत होता आणि लिहून घेत होता. प्रोसेसर सोपा हवा, मान्य. यंत्राचा आवाज कमी हवा, मान्य. मग विषय निघाला जुन्या गेमचा. नव्या यंत्रावर जुने गेम चालवायचे तर खर्च आणि कटकट. ते सोडून द्यावं, असं सगळ्यांचं एकमत झालं. ताईसुद्धा त्यांच्याच बाजूनं.

“नाही,” पैलवान म्हणाला. “जुने गेम चालणार.”

“अरे, आम्हाला विचारायला बोलावलंस ना?” ताई उसळली. “मग ऐक की!”

“ऐकलं. सगळं ऐकलं. तुमच्या कामाचं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं, तिथे मी मान तुकवली. पण ज्याच्या कपाटात आमचे वीस गेम आहेत, त्याला मी ते फेकून दे म्हणणार नाही. तो इतकी वर्षं आपल्याबरोबर राहिलाय.”

तासभर हमरीतुमरी झाली. कुणी हटेना. अखेर ताई पाणी प्यायला उठली आणि येताना त्याच्यासाठीही ग्लास भरून घेऊन आली, तेव्हा बाकीच्यांनी ओळखलं की हा मुद्दा पैलवानाच्या खिशात गेला.

आणि या वेळी त्याचंच बरोबर निघालं. नवं यंत्र घरी नेणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त लोकांनी पहिल्या संध्याकाळी त्यात जुनाच गेम घातला. ताईनं ते मान्य केलं, पण जेवताना नाही, आईसमोर तर नाहीच. जिन्यात, चपला घालता घालता, भावाच्या पाठीवर एक धपाटा घालून.