बिजवाईचा लसूण

"बिजवाईच्या लसनाले औषध लावू नको, पोरी. धूर दे. घरात टांगला राह्यते, कोनाचाही हात जाते," असं रुपीबाई मला म्हणाली होती. लसणाचं पहिलं बी मला तिनंच तांड्यावरून आणून दिलं होतं. मी हसले. "काकू, बी.एस्सी. झाली मी. समजते मले."

"ज्याले समजते त्यालेच सांगा लागते," म्हणत ती तंबाखू मळत निघून गेली.

ते बोंडअळीचं साल. कपाशी गेली, पण बियाण्याला चोळायची पावडर घरात उरली. पुढच्या फाल्गुनात काढलेल्या लसणातले मोठे, घट्ट गड्डे बियाण्यासाठी निवडून मी पातीसकट चार वेण्या घातल्या आणि स्वैपाकघरात आढ्याला टांगल्या. दसरा झाला की पाकळ्या सुट्या करून वाफ्यात लावायच्या. श्रावणात बघते तर गड्ड्यांच्या बुडाशी बुरशी. मी तोंडाला ओढणी बांधून वेण्यांवर ती पावडर चोळली, खूण म्हणून लाल चिंध्या बांधल्या आणि फक्त नलूला सांगितलं. नलू माझी धाकटी जाऊ. पुरुषांना सांगायचं सुचलंच नाही. ते कधी लसूण घ्यायला उठले होते?

भाद्रपदातल्या एका रविवारी दुपारी माझा दीर, नलूचा नवरा इंद्रजित, मटण घेऊन आला. माझे मिस्टर संघदीप आर्णीला गेलेले. मी ओसरीत पायलला, माझ्या दीड वर्षाच्या लेकीला, भात भरवत होते. एक कान आत होता. इंद्रजितचा हात नलूवर कधी उठेल याचा नेम नसायचा.

"लसन कुठी हाये?"

"संपला. आज बिना लसनाचं करते ना."

"संपला? अन् हे काय तुह्या बापानं झुंबर लावून देल्लं?"

"अवो, तो नका घेऊ! बिजवाईचा हाये. औषध लावलं हाये त्याले!"

आमच्याकडे 'अमक्यानं औषध घेतलं' म्हटलं की कोणी आजार विचारत नाही, किती वेळ झाला ते विचारतात. त्या एका शब्दावर इंद्रजित थांबला.

"औषध? सैपाकघरात? कोनासाठी?"

"बुरशी लागली म्हनून..."

"मले माराले ठेवलं तू?"

पहिला फटका त्याच वेणीचा, तोंडावर. गड्डे फुटून भिंतीवर उडाले. वेणी तुटली तशी त्यानं दुसरी ओढली. मी दारात पोचले तोवर त्यानं केस धरून तिचं डोकं दोनदा पाट्यावर आपटलं होतं. कपाळ फाटून एक डोळा रक्तानं भरला होता.

"सांग, कोनी शिकवलं?"

नलूनं उरलेल्या डोळ्यानं माझ्याकडे बघितलं. मला एवढंच म्हणायचं होतं, मी लावलं. तो वळला. पायल माझ्या कडेवर, वेणी त्याच्या हातात, बरोबर तिच्या डोक्याइतक्या उंचीवर. मी तोंड उघडलं आणि मिटलं.

"कोनीच नाही," नलू म्हणाली.

"मंग खाय."

त्यानं तिच्या छातीवर गुडघा रोवला, न सोललेल्या पाकळ्या मुठीनं तिच्या तोंडात कोंबल्या आणि जबडा दाबून धरला. दात मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. तेव्हा कुठं मी पायलला खाली टाकून ओरडले, "मी लावलं! मी!" आणि चुलीपाशी पडलेलं लाकूड त्याच्या पाठीत घातलं. एकदा नाही. तो उठून भिंतीला टेकेपर्यंत.

ऑटोत नलू सारखी ओकत होती, तोंडातून लाळ आणि रक्त गळत होतं. यवतमाळला चार दिवस सलाईन. वाचली. पोटात औषध कसं गेलं, डॉक्टरनं विचारलं. नवरा उशाशी उभा होता. ती म्हणाली, "माह्याच हातानं."

आता गावभर तेच झालं आहे. बायको नवऱ्याला औषध घालत होती, सापडली तशी स्वतः खाल्लं. मी दवाखान्यातच इंद्रजितला सांगितलं, "भाऊजी, पावडर मी चोळली. रुपीबाईले इचारा, तिनं मले मना केलं होतं."

तो हसला. "वहिनी, तुमी लय चांगल्या. तिले वाचवाले खोटं बोलून राह्यल्या."

खरं बोलायची वेळ माझ्या हातात होती तेव्हा मी पाच श्वास गप्प राहिले. त्या पाच श्वासांत खरं खोटं होऊन बसलं. संघदीप म्हणतात, घरातलं आहे, वाढवू नको.

महिन्याभरात इंद्रजित नलूला यवतमाळजवळ लोहाऱ्याला घेऊन गेला. एमआयडीसीत काम लागलं म्हणे. फोन तोच उचलतो. भर दुपारी सांगतो, झोपली. मी पायलला घेऊन एकदा गेले. दाराला बाहेरून कुलूप होतं आणि आत भांडं सरकलं. मी हाक मारली, तशी आतली हालचाल थांबली. पोलीस नेले, तर त्यानं हसत दार उघडलं. त्याच्या मागून नलू म्हणाली, "बरी हाये." चेहरा पदरात होता. आता मी दिसले की तो दारच उघडत नाही.

तुम्हाला तो ओळखत नाही. लोहाऱ्यात एमआयडीसीच्या मागं टिनाच्या खोल्यांची एक रांग आहे. शेवटून दुसरी खोली, निळं दार. त्या बाजूला गेलात तर पाणी मागा, पत्ता विचारा, काहीही म्हणा. नलूला नावानं हाक मारा. तो म्हणेल, झोपली आहे. मानू नका. ती स्वतः दारात येईपर्यंत तिथून हलू नका.