बावीस इंच एक सूत

आलापल्लीत श्रीहरी मिस्त्रीच्या हाताखाली चार पोरं आली आणि चारही सुताच्या हिशेबाला वैतागून पळाली. हिशेब तसा सोपा. आठ सुतांचा एक इंच. म्हणजे सुतांच्या घरात सातच्या पुढे आकडा लिहायचाच नाही. आठ झाले की हातचा एक इंचाकडे. पण शाळेत दहाचा हातचा घेऊन घेऊन पोरांची खोड जात नसे.

ती खोड न लागलेली एकच, त्याची मुलगी रंजीता. चार आणि पाच मिळवून ती पाटीवर एक-एक लिहायची. गुरुजींनी कान धरला तर म्हणायची, "आमच्या दुकानात असंच असते." श्रीहरीनं हे अर्ध्या गावाला हसत हसत सांगितलं होतं.

बारावीनंतर तिनं आरी हाती घेतली. दोन वर्षं बाप माप घ्यायचा आणि लेक कापायची. तिच्या कापाला रंधाही फारसा लागत नसे.

मग गुणवंतरावांच्या देवघराची फळी आली. वनखात्याच्या डेपोतलं जुनं सागवान, एकसंध, पुन्हा मिळणं मुश्कील. मधले देव हलवायचे नव्हते, म्हणून श्रीहरीनं डावी-उजवी बाजू वेगळी मोजली, फळीच्या पाठीवरच बेरीज मांडली आणि रंजीताला सांगितलं, "बावीस इंच एक सूत." तिनं बरोब्बर रेघेवर कापली. बसवायला गेले तर फळी दोन सूत कमी. घरची सगळी माणसं बघत उभी. श्रीहरीचं डोकं सणकलं.

"पोरीच्या हाती आरी देली, माहीच चुकी," तो म्हणाला. "भाऊ, माफ करा. उद्यापासून हे पोरगी चुलीपाशीच राहीन."

 रंजीतानं खाली बसून कडेला पट्टी चिकटवली, फट बुजवली. दुसऱ्या दिवशी ती दुकानात आली नाही. श्रीहरीला वाटलं, बरं झालं, नाहीतरी स्थळं येतच आहेत. तीन महिन्यांत ती लग्न होऊन सिरोंचाला गेली.

याला नऊ वर्षं झाली. परवा गुणवंतराव तीच फळी घेऊन आले. नवं घर बांधलंय, हिचा पाट करून दे म्हणाले. रंधा मारायला श्रीहरीनं फळी उलटी केली. पाठीवर त्याचंच अक्षर: दहा इंच सहा सूत, खाली अकरा इंच पाच सूत, त्याखाली बावीस-एक.

सहा आणि पाच अकरा. आठांचा इंच गेला, उरले तीन. तीन! त्यानं दहाचा हातचा घेतला होता. पळून गेलेल्या पोरांना ज्या चुकीसाठी तो हातोडी घेऊन धावायचा, तीच. आणि त्या एकाभोवती पेन्सिलीचा बारीक गोल होता, चुकल्या आकड्याला रंजीता करायची तसा.

त्यानं लगेच फोन लावला.

"रंजी, ते गुणवंतभाऊची फळी..."

"आकडा दिसला का, बाबा?"

"तुले तवाच माहीत होतं?"

"पट्टी चिकटवताना दिसला."

"मंग बोलली काऊन नाई?"

"एवढे लोकं उभे होते ना. तुमची इज्जत गेली असती. वाटलं, घरी आल्यावर तुमीच बेरीज आठवून पाहान. लगन होईपर्यंत वाट पाह्यली मी."

 श्रीहरी म्हणाला, "इथी ये. तुही आरी हाये अजून."

"आता हात नाई वळत, बाबा," ती म्हणाली. मग नेहमीच्या आवाजात विचारलं, "बीपीची गोळी घेतली का?"

"घेतली," तो खोटंच बोलला. ती भांडली असती तर त्याला निदान माफी तरी मागता आली असती. ती तर अजूनही त्याला सांभाळूनच घेत होती.