खांबामागची खुर्ची

"काकू, हे भोक राहिलं की!"

पडदेकाकूंनी सुई दातात धरली आणि ऐकू न आल्यासारखं केलं. नाट्यगृहाची डागडुजी निघाल्यापासून त्या रंगमंचावर मांडी ठोकून जुना मखमली पडदा रफू करत होत्या. पडदा कसला, म्हैसच ती! परवा झटकला तर एवढी धूळ उडाली, की पलीकडच्या गल्लीतला न्हावी शिंकत शिंकत दाढ्या करत होता. गावात एक गाल शाबूत राहिला नाही, बरं का.

"उंदरानं कुरतडलंय. राहू दे."

"असं गोल?" डागडुजीचा इंजिनियर हसला. "आणि नेमकं तुमच्या डोळ्याच्या उंचीवर?"

"हुशार होता उंदीर."

भोक काकूंनीच पाडलं होतं. वडिलांबरोबर नटांचे कपडे शिवायला यायच्या, तेव्हा. आतून गर्दी बघता बघता एक घड्याळजी दिसायला लागला. दर खेळाला खांबामागच्या खुर्चीत. तिथून नाटक दिसायचंच नाही, पडद्याची कड तेवढी दिसायची. लग्न ठरल्यावर म्हणाला, "नाटक कोण बघतंय? भोकातून तुझा डोळा दिसायचा. काजळासकट!" पुढे जन्मभर चारचौघांत तेच. दर वेळी काजळ आणखी गडद.

मागच्या वर्षी तो गेला.

"काकू, उद्घाटनाला पाहुणे येणार. भोकाचा पडदा कसा लावू?"

"नका लावू. उसवते सगळं." काकूंनी कात्री उचलली.

"अहो, अहो! राहू दे तुमचा उंदीर!"

"आणि ती खांबामागची खुर्ची?"

"ती काढतोय. तिथून काही दिसत नाही."

"दिसतं. उद्घाटनाला मी तिथेच बसणार."

उद्घाटनाच्या संध्याकाळी काकू पहिल्यांदाच पडद्याच्या या बाजूला बसल्या. पलीकडे एखादी पोरगी भोकाला डोळा लावून उभी असणारच. नटांची जात काय बदलते? काकूंनी चष्मा पुसला, मान पुढे काढली.

मसुरीएवढा काळा ठिपका. डोळा नाही, काजळ नाही, काही म्हणजे काही नाही.

"लबाड कुठला!"

शेजारचे गृहस्थ दचकले. "मला म्हणालात?"

"तुम्हाला नाही हो. ह्यांना."

घंटा झाली, पडदा वर गेला आणि ठिपकाही गेला. टाळ्या पडल्या. काकूंसमोर नुसता खांब. त्या मात्र नाटक संपेपर्यंत त्याच्याकडे टक लावून बसल्या होत्या, एक शब्द चुकू नये अशा.