तिसऱ्या दारापुढची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी घडीची खुर्ची आहे. खुर्ची म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे एखादा मोठा साहेब येत असेल. माझ्यावर असा साहेब कधी बसला नाही, आणि बसला असता तर मी तिथेच मोडले असते. चार लोखंडी नळ्या, जाड खाकी कापडाची बैठक, पाठ टेकायला त्याच कापडाचा तुकडा आणि खांद्याला अडकवायला एक पट्टा, एवढाच माझा संसार. आता माझा एक पाय वाकडा झाला आहे, बैठकीला ठिगळ आहे, आणि उघडताना मी कुरकुरते. वय झालं की कोण कुरकुरत नाही? पण सांगण्यासारखं बरंच साठलं आहे, तेवढं ऐकून घ्या.

माझा जन्म एका वेल्डरच्या दुकानात झाला. त्याने नळ्या वाकवल्या, शेजारच्या शिंप्याने कापड शिवलं, आणि मला दुकानाबाहेर खिळ्याला टांगलं. तळ्याकाठी गळ टाकून बसणाऱ्या हौशी लोकांसाठी मला बनवलं होतं. त्यामुळे आपल्या नशिबात पाणी, झाडं आणि निवांतपणा आहे अशी माझी पक्की समजूत होती. मग एक दिवस एक म्हातारी आली, तिने मला उघडलं, मिटलं, स्वतः बसून पाहिलं आणि वेल्डरला म्हणाली, "मुलीसाठी हवी आहे. दिवसभर बसली तरी पाठ धरता कामा नये." अशी मी ऑडिटवाल्या बाईंची झाले, आणि तळं राहिलं ते राहिलंच.

बाईंनी तेव्हा नुकतीच मोठ्या कंपनीतली नोकरी सोडून स्वतःचं काम सुरू केलं होतं. कारखाने, गोदामं, दवाखाने त्यांना बोलवायचे. कागदावर लिहिलंय तसं प्रत्यक्षात चालतं का, आणि उद्या काय बिघडू शकेल, हे शोधून अहवाल द्यायचा, हा त्यांचा धंदा. थोडक्यात सांगायचं तर, पैसे देऊन बोलावलेली आणि तरीही नकोशी असलेली पाहुणी! अशा पाहुणीला बसवायचं कुठे, हा प्रत्येक ऑफिसपुढे प्रश्न असतो. पहिल्याच कामाला बाईंना पालथ्या क्रेटवर बसवलं होतं. त्यांनी घरी येऊन ते हसत हसत सांगितलं. त्यांची आई मात्र हसली नाही. दुसऱ्या दिवशी तिने पायात चपला सरकवल्या आणि थेट वेल्डरचं दुकान गाठलं.

त्यानंतर मी काय काय पाहिलं म्हणून सांगू! जिन्याखाली बसले, झेरॉक्स मशीनच्या गरम झळेत बसले, स्वच्छतागृहाच्या बोळात बसले. जुन्या फायलींच्या खोलीत तर इतकी धूळ होती की बाई शिंकल्या की मीही हलायचे. पहिल्या दिवशी चहाबरोबर बिस्किटं यायची. बाईंनी प्रश्न विचारायला सुरुवात केली की बिस्किटं बंद व्हायची, आणि अहवाल वाचून दाखवायच्या दिवशी चहाही गार यायचा. त्यांचा प्रश्न तरी काय, साधाच. "हे कोण बघतं?" तेवढं विचारलं की पहिला माणूस दुसऱ्याकडे बोट दाखवायचा, दुसरा तिसऱ्याकडे, आणि तिसरा त्या दिवशी हमखास रजेवर असायचा.

बाईंची एक खास पद्धत होती. कागद तपासून झाले की त्या मला उचलून प्रत्यक्ष कामाच्या जागी जायच्या, एका कोपऱ्यात मला उघडायच्या आणि नुसत्या बसून राहायच्या. थोडा वेळ लोक सावध असत. मग विसरून जात आणि नेहमीसारखे वागू लागत. एका औषधांच्या गोदामात फ्रीजचं तापमान दर तासाला सुवाच्य अक्षरात लिहिलेलं होतं. कागद पाहून कोणीही शाबासकी दिली असती. आम्ही दोघी तिथे बसून राहिलो आणि दुपारी एकाने सहज येऊन फ्रीजचा प्लग काढला आणि मोबाईल चार्जिंगला लावला. तापमान लिहिणाऱ्याने त्याच्याकडे बघत बघतच नेहमीचा आकडा लिहिला. त्या अहवालाचं फार कौतुक झालं. गोदामाचे मालक बाईंना म्हणाले, "तुमच्या नजरेतून काही सुटत नाही हो!" बाईंनी घरी येऊन मला ओल्या फडक्याने पुसलं, सांध्यांना तेल दिलं. ते माझे ऐन उमेदीचे दिवस होते.

पण मित्रांनो, एकटीने धंदा करणाऱ्या माणसाला आजारपण परवडत नाही आणि सुट्टी म्हणजे काम हातचं जाणं. बस, लॉजची खोली, पुन्हा बस. बाईंचा गुडघा दुखू लागला. माझ्यावर बसताना त्या "आई गं" म्हणायच्या आणि उठताना काहीच म्हणायच्या नाहीत, नुसता श्वास सोडायच्या. अहवालातली तीच तीच वाक्यं त्या दरवर्षी लिहायच्या आणि लोक दरवर्षी तीच तीच कबुली द्यायचे. पुढच्या वर्षी जावं तर सगळं जिथल्या तिथे. मला पुसायचं राहून जाऊ लागलं. तेलाचं तर नावच नको. मला राग नव्हता, कारण मीही थकले होते.

अशा दिवसांत आम्ही त्या कारखान्यात गेलो. तिथे शांपूच्या बाटल्या भरून खोक्यांत बांधायचं काम चाले. बाईंचं ते हक्काचं गिऱ्हाईक, दरवर्षी न चुकता बोलावणारं. त्या वेळी ऑफिसात रंगकाम चाललं होतं, म्हणून व्यवस्थापकांनी आमची सोय पॅकिंगच्या हॉलमध्ये केली. हॉलभर यंत्रं आणि खोक्यांच्या थप्प्या, पण एका टोकाला छान मोकळी जागा होती. तिथे त्यांनी टेबल ठेवायला लावलं. "इथे बसा बाई. शांतही आहे आणि वाराही येतो," ते म्हणाले. खरंच येत होता. पाठीमागून, खालच्या फटीतून गार झुळूक माझ्या कापडाला लागत होती. इतक्या वर्षांत एवढी चांगली जागा आम्हाला कोणी दिली नव्हती. बाईंनी चपला काढून पाय लांब केले आणि म्हणाल्या, "चला, एकदाचं कोणाला तरी कळलं."

ती झुळूक एका दाराखालून येत होती. आग लागली, काही संकट आलं, तर बाहेर पळायचं ते तिसरं दार. वर हिरवी पाटीही होती, पण ती आमच्या डोक्यावर होती आणि बाईंचं तोंड हॉलकडे होतं. ती जागा मोकळी होती ती दारासाठीच. बाईंनी हातातल्या नकाशावर पहिलं दार तपासलं, दुसरं तपासलं, आणि तिसऱ्यापुढे मागच्या वर्षीच्या आठवणीने 'मोकळे' अशी खूण केली. तेव्हा त्या माझ्यावर बसल्या होत्या, आणि तिसरं दार आम्हा दोघींच्या पाठीला टेकलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी खोक्यांवर प्लॅस्टिक चढवणाऱ्या यंत्रातून धूर निघाला. भोंगा वाजला. बायका लाईन सोडून शिकवल्याप्रमाणे तिसऱ्या दाराकडे धावल्या, आणि दारात टेबल, टेबलामागे बाई, बाईंखाली मी. बाई धडपडत उठल्या, मी आडवी पडले. कोणी टेबल ओढलं, कोणी ढकललं. त्या गर्दीत पॅकिंगमधल्या मावशी माझ्या पायात अडकल्या आणि हातावर कोसळल्या. लाईनवर सगळे त्यांना मावशीच म्हणत. माझा पाय वाकला. त्यांचं मनगट मोडलं. धूर तसा थोडाच होता, लगेच विझलाही. पण ते दार उघडेपर्यंत सगळ्यांच्या तोंडावर जी भीती मी जमिनीवरून पाहिली, ती मला अजून आठवते.

संध्याकाळी व्यवस्थापकांनी बाईंना बोलावलं. बिस्किटं आली, चहाही गरम होता. तेव्हाच मला शंका आली. ते म्हणाले, "बाई, नियम काय सांगतो? पळायचं नाही, चालायचं. मावशी पळाल्या. तुमच्या अहवालात तेवढंच येऊ दे. कर्मचाऱ्याचा निष्काळजीपणा. टेबलाचं मग निघायला नको. तुमचंही नाव राहील आणि आमचंही."

"आणि मावशींचं?" बाईंनी विचारलं.

"त्यांचं काय, चूक त्यांची ठरली तर घरी बसावं लागेल. तसंही वय झालंय त्यांचं."

बाई चहा तसाच टाकून उठल्या. मला मिटून त्या घरी आल्या. दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. आई भाजी निवडत बसली होती. बाई तिच्या शेजारी जमिनीवर बसल्या आणि सगळं सांगून म्हणाल्या, "थकले गं आई. आता भांडायचं त्राण नाही. हे गिऱ्हाईक गेलं तर बाकीचेही सावध होतील. ऑडिट करणारीच दार अडवून बसली होती म्हटल्यावर कोण बोलावणार मला?"

आईने भाजी निवडायचं थांबवलं नाही. "ती बाई कशाला अडखळली?"

"खुर्चीला."

"कोणाच्या?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीला टेकून उभी होते, वाकड्या पायाने. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. आईने निवडलेली भाजी बाजूला सारली, हात पदराला पुसला आणि लेकीच्या पाठीवरून फिरवला. "मी विकत आणलेली आहे ती," आई म्हणाली. "बसायला आणली होती, लपायला नाही."

अहवालात बाईंनी सर्वांत वर, लाल रंगात लिहिलं, 'तिसऱ्या दारासमोर टेबल व खुर्ची होती. तेथे सल्लागार बसली होती. ती सल्लागार मी. कर्मचारी त्या खुर्चीला अडखळून पडली. तिची चूक नाही. दार मोकळे असल्याची माझी खूण खोटी आहे.' व्यवस्थापकांनी ते वाचलं आणि म्हणाले, "स्वतःच्या हाताने स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेताय." बाई म्हणाल्या, "मारून घेतेय. पण हे वाक्य काढलंत तर माझी सही मिळणार नाही." सहीशिवाय अहवाल चालत नाही. बरीच घासाघीस झाली, पण वाक्य राहिलं. मावशींची नोकरी राहिली. त्या कारखान्याने बाईंना पुन्हा काही बोलावलं नाही, आणि बाई म्हणाल्या होत्या तसंच झालं, आणखी दोन-तीन ठिकाणची बोलावणी आपोआप बंद झाली.

काही दिवसांनी बाई मला पाय सरळ करायला घेऊन निघाल्या. वाटेत त्यांचा विचार बदलला. त्या एका चाळवजा इमारतीचे जिने चढल्या, गुडघा धरून, दोनदा थांबून. दार मावशींनी उघडलं. त्यांचं प्लॅस्टर निघालं होतं, पण हात अजून आखडलेला होता. बाईंनी दारात उभं राहूनच सांगून टाकलं, "मावशी, तुम्ही अडखळलात ती खुर्ची माझी. दारात मीच बसले होते. तेवढं स्वतः सांगायला आले."

"मला माहीत नाही होय?" मावशी तडकल्या. "आदल्या दिवसापासून दिसत होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"कोणाला बोलायचं? दारात काय पडलंय ते बघायलाच तर तुम्हाला आणतात ना?"

बाई अजून उंबऱ्यातच होत्या. मावशी म्हणाल्या, "आता दारातून बाजूला व्हा आणि आत या. वारा अडला माझा."

आत एक पलंग होता, त्यावर कपड्यांच्या घड्या. बाईंनी मला उघडलं आणि मावशींपुढे केलं. मावशी आधी नको म्हणाल्या, मग बसल्या. मी कुरकुरले, थोडी डुगडुगले, पण वजन पेललं. मावशींनी पाठ टेकली. "लाईनवर आम्हाला बसायला काही नसतं," त्या हळूच म्हणाल्या. "दिवसभर उभंच. त्या दिवशी तुम्ही पाय लांब करून बसला होतात ना, तेव्हा खरं सांगते, हेवा वाटला होता मला." बाईंनी मान खाली घातली. इतकी वर्षं त्या बसून लोकांना पाहत होत्या, पण ते उभे आहेत हे त्यांच्या एकाही अहवालात आलं नव्हतं. माझ्याही कधी ध्यानात आलं नव्हतं. जाताना त्या मला तिथेच ठेवून गेल्या.

तेव्हापासून मी मावशींची आहे. संध्याकाळी कामावरून आल्या की त्या आधी माझ्यावर बसतात, मग पाणी पितात. उठल्या की मला मिटून दारापासून लांब, खिळ्याला टांगतात. वाकड्या पायाखाली त्यांनी रबराचा तुकडा बांधला आहे. तळं नाही मिळालं, पण निवांतपणा मिळाला.

मित्रांनो, आम्हा खुर्च्यांची फार अपेक्षा नसते. अधूनमधून पुसा, सांध्यांना तेलाचा थेंब द्या, एवढ्याने आम्ही खूश. आणखी एकच विनवणी आहे. कोणी तुम्हाला अगदी छान, वाऱ्याची जागा दिली, तर तिथे आम्हाला मांडण्याआधी ती जागा मोकळी का आहे ते विचारा. आम्हाला ते कळतं, पण सांगता येत नाही.

परवा बाई येऊन गेल्या. आता मोजकंच काम घेतात, केस पांढरे झाले आहेत. मावशींनी मला खिळ्यावरून काढलं, उघडलं आणि म्हणाल्या, "बसा." बाई लगेच बसल्या नाहीत. त्यांनी आधी मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती. मग त्या बसल्या.