पाचाच्या पाढ्यातले आकडे

अनिस चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला होता. न मोजता भरलेला तक्ता त्याला लांबूनच ओळखू यायचा. खरं माप कधी सदतीस निघतं, कधी एकेचाळीस; मनानं लिहिणारा मात्र हमखास शून्यावर नाहीतर पाचावर थांबतो. "काय भावा, पाचाचा पाढा लिहून आणलास का?" असं चारचौघांत म्हणून तो ऑपरेटरला तक्ता परत करायचा.

आज पिंपळे सौदागरला, समुपदेशक श्रद्धा मॅडमच्या टेबलावर त्याचाच तक्ता पडला होता. त्याची चार वर्षांची मुलगी महेक कासारवाडीच्या बालवाडीत सोडल्यावर किती मिनिटं रडते, ते त्यानं दोन आठवडे लिहायचं होतं. सेकंड शिफ्ट असल्यामुळे सकाळी तोच तिला सोडायचा.

चाळीस. पस्तीस. चाळीस. पंचेचाळीस.

"काहीच उतार नाही," मॅडम म्हणाल्या. "निरोप थोडक्यात घेतला, परत कधी येणार ते मुलाला कळेल असं सांगितलं, की बहुतेकदा रडणं कमी होत जातं. इथं तसं दिसत नाही. हे वर्ष तिला घरीच ठेवायचा विचार करावा लागेल."

शेजारी बसलेल्या त्याच्या बायकोनं, सलिमानं, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. पॅथॉलॉजी लॅबमधली तिची नोकरी पुढच्या महिन्यात कायम होणार होती.

"ठीक आहे," ती म्हणाली. "उद्या राजीनामा देते."

अनिसच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "मॅडम, हे आकडे मोजलेले नाहीत."

"म्हणजे?"

"पाच-सहा मिनिटांत गप्प होते ती. ठोकळ्यांत रमते. मग मी खिडकीपाशी जाऊन उभा राहतो. मला बघितलं की पुन्हा रडते."

"रोज?" सलिमानं विचारलं.

"रोज."

"आणि मी रोज संध्याकाळी तिला मांडीवर घेऊन समजावते, शहाण्यासारखं वाग म्हणून!"

सगळ्यात वाईट ते अजून सांगायचंच होतं. महेकला सोडून निघालं की त्याच्या छातीत धडधडायचं, हात गार पडायचे. तिला काही झालं तर? खिडकीतून तिचं रडणं ऐकलं की धडधड थांबायची. "पोर रडली की मला बरं वाटतं," तो टेबलाकडे बघत म्हणाला.

मॅडम हसल्या नाहीत. "मोठ्यांनाही होतं असं. धडधड चढते, आणि आपण थांबून राहिलो तर आपली आपण उतरते. तुम्ही खिडकीकडे धावता, म्हणून ती उतरते हे तुम्हाला कधी कळलंच नाही. उद्यापासून तक्ता तुमचा. निघायचं, मागं वळायचं नाही. धडधड किती मिनिटांनी थांबते ते लिहायचं."

"मोजून लिहायला सांगा," सलिमा मॅडमकडे बघत म्हणाली.

दुसऱ्या दिवशी, "खाऊ खाल्ला, गाणं म्हटलं, की अब्बू आलाच," असं महेकला सांगून तो निघाला. मागून रडणं ऐकू आलं. पाय जड झाले, पण वळले नाहीत. स्टेशनच्या बाकावर बसून त्यानं घड्याळ लावलं. दोनदा उठला, दोनदा बसला. शेवटी हातांना ऊब आली तेव्हा आकडा लिहिला आणि फोटो काढून सलिमाला पाठवला.

तेवीस.

बऱ्याच वेळानं तिचं उत्तर आलं. "आणि महेक?"

"माहीत नाही," त्यानं लिहिलं. "बघितलं नाही."