काळूरामाची चूल

"पाटील, जरा सरका ना. तुमचा खांदा येतोय मध्ये."

रमाताई सबनीसांनी मोबाइल आडवा धरला होता. शैलेश दोन पावलं मागे सरकला. खांदाच काय, आपण अख्खेच कुठल्या फोटोत येणार नाही अशी सोय झाली असती तर त्याला हवीच होती. पण तो पडला सोसायटीचा सेक्रेटरी, आणि तलावाची मोहीम त्यानंच उभी केलेली. रविवारी घरात बसणार कसा? सकाळी फोनवर अंगात कणकण असल्याचं सांगून बघितलं होतं. चेअरमन सबनीस म्हणाले, "गोळी घ्या आणि या. तलावात घाण कोण करतं, त्याचा पुरावा आज आयता मिळतोय."

पुरावा समोर गुडघाभर पाण्यात उभा होता. वैशाखात तलाव आटला होता आणि रोडपाली गावातले पुरुष ह्या काठापासून त्या काठापर्यंत जाळं धरून हळूहळू पुढे येत होते. काठावर बाया पाट्या घेऊन बसल्या होत्या. जाळं जसजसं आवळत आलं तसतसे आत मासे उसळायला लागले आणि बायांचा एकच गलका उठला. चिखलाचा आणि माशांचा वास बांधावर चढला. रमाताईंनी ओढणी नाकाला लावली.

"बघा, बघा. ह्यांना काही आहे का हायजीनचं?" सबनीस म्हणाले. "पाटील, तुमच्या कोल्हापूरला तलावात असा गोंधळ घालतात का हो?"

"नाही," शैलेश म्हणाला.

आता ह्या कोल्हापूरची गंमत सांगायलाच हवी. शैलेशनं आपण कोल्हापूरचे असं कधी, कुणालाही सांगितलं नव्हतं. दारावर 'पाटील' अशी पाटी लागली, लोकांनी आपलं आपणच ठरवून टाकलं, आणि त्यानं ते खोडलं नाही, एवढंच. मग गणपतीत कुणी म्हणालं, पाटलांकडून तांबडा-पांढरा झालाच पाहिजे. बायकोनं, किशोरीनं, इंटरनेटवर बघून रस्सा केला. लोक बोटं चाटत राहिले, म्हणाले, अस्सल! किशोरी मूळची डोंबिवलीची. त्या रात्री भांडी आवरताना ती इतकंच म्हणाली, "सांगून का टाकत नाहीस रे? काय होणारे?" काय होणार होतं, हे त्यालाही नीट माहीत नव्हतं. पण ज्या मीटिंगमध्ये 'गाववाले' हा शब्द लोक 'डास' म्हटल्यासारखा उच्चारतात, तिथं उठून 'मीही त्यातलाच' म्हणायला जीभ रेटत नाही.

होता तो त्यातलाच. ह्याच रोडपालीचा, खाडीत होडी घालणाऱ्या काळूरामाचा मुलगा. बापूस गेला, पाठोपाठ खाडीतली मासळी गेली. मग शैलेशनं गावातलं घर मोडून समोरच्या सेक्टरमध्ये चौथ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. गाव आणि सेक्टर ह्यांच्या मधोमध हा तलाव. सोसायटीला त्याच्याभोवती जाळीचं कुंपण हवं होतं, चालायला ट्रॅक, बसायला बाक, पाण्यात कमळं. कुंपण पडलं की मासेमारी बंद. गेल्या आठवड्यात पालिकेच्या ऑफिसात बैठक झाली, तेव्हा तिथल्या साहेबांनी विचारलं, गावाचं काय म्हणणं आहे? मागच्या खुर्च्यांवर गावकीचे चौघे बसले होते. ते उठेपर्यंत शैलेशच बोलून गेला, "सर, गावाला आता त्या तलावाचा काही उपयोग राहिलेला नाही. येतात ते नुसती घाण करायला."

मागं बसलेल्यांत हसुराम होता. काळूरामाच्या होडीवर उभी हयात काढलेला. त्यानं गुडघ्यावरची टोपी उचलून डोक्यावर घातली आणि शैलेशकडे नुसतं बघितलं. शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं. साहेब सोमवारी जागा बघायला येतो म्हणाले. उद्याच सोमवार.

आणि घरी आई. सत्यवतीनं जन्मभर पनवेलच्या बाजारात पाटी मांडली. आवाज असा की मच्छीमार्केटच्या ह्या दारातून हाक घालावी आणि त्या दारातल्या गिऱ्हाइकानं मागं वळून बघावं. फ्लॅटमध्ये आल्यापासून त्या आवाजाला शैलेशनं मोठ्या मायेनं कुलूप लावलं होतं. आई, हळू बोल, भिंती पातळ आहेत. आई, पाहुणे आलेत, तू आत पड जरा. पाहुण्यांना तो सांगे, आईला बरं नसतं. म्हातारीही शहाणी, पोराला कमीपणा नको म्हणून कुजबुजत बोलायला शिकली. वैशाख लागल्यापासून तेवढं एकच विचारत होती.

"शैल्या, तलाव कदी ओढणार हाय रं गावकी?"

"यंदा नाही ओढणार," तो म्हणाला होता. "पाणी खराब झालंय."

"खराब झालंय?" मग म्हणाली, "तुजा बापूस असता तर त्याला लय वाईट वाटलं असतं."

आज किशोरी मुलांना घेऊन माहेरी गेली होती. निघताना शैलेशनं आईला चहा करून दिला, टीव्ही लावून दिला, आवाज जरा वाढवूनच ठेवला, आणि वॉकला जातो म्हणून खाली उतरला.

जाळं काठाला लागलं. मासे ताडपत्रीवर ओतले, रोहू, कटला, मधूनच काळीशार मरळ, आणि हसुराम वाटे घालायला बसला. मोठ्यावर लहान, लहानावर मोठा, कुणाचं माप कमी पडू नये म्हणून उचलून इकडचं तिकडे. गावात चुली जितक्या, वाटे तितके. ज्याची चूल त्याच्या नावानं. माणूस मेला तरी नाव चालू राहतं, घर पडलं तरी चालू राहतं. नाव पुकारायचं, घरातल्या कुणीतरी 'हाय' म्हणायचं आणि आपला वाटा उचलायचा. एकाचा वाटा दुसऱ्यानं उचलायचा नाही, सख्ख्या भावानंसुद्धा नाही. तीनदा पुकारून 'हाय' आलं नाही, तर तो वाटा देवीच्या टोपात जातो आणि ते नाव पुढच्या वर्षापासून घेत नाहीत. चूल विझली म्हणतात. रोडपालीत ह्याहून वाईट शब्द नाही.

आजवर सत्यवतीच पाटी घेऊन मागच्या गेटनं गुपचूप यायची आणि 'हाय' म्हणून जायची. शैलेशला हे सगळं माहीत होतं. माहीत असूनच त्यानं तिला 'यंदा नाही' सांगितलं होतं. फोटो काढणाऱ्यांच्या समोर आई पाटी घेऊन उभी राहिली असती तर? नाव गेलं तर गेलं, असं त्यानं मनाशी घोकलं होतं. नावाला काय चाटायचंय? मनात घोकणं सोपं असतं.

"अहो, हे काय चाललंय? लॉटरी का?" रमाताईंनी विचारलं.

"वाटणी," शैलेश म्हणाला. लगेच जीभ चावून म्हणाला, "असेल काहीतरी."

हसुरामनं गणपतीत वापरतात तो भोंगा तोंडाला लावला. नावं सुरू झाली. प्रत्येक नावाला कुठूनतरी 'हाय' येत होतं. म्हातारं, बायकी, एखादं झोपेतून उठून आलेलं. ताडपत्री रिकामी होत चालली. शैलेशची काकी जनी आपला वाटा पाटीत घालून बाजूला उभी राहिली, पण घरी गेली नाही. तिची नजर बांधावर होती. बहुतेकांचीच होती.

"काळूराम धर्मा!"

शैलेशनं बुटाची नाडी बांधायला घेतली. ती सुटलेली नव्हती.

"काळूराम धर्मा!" हसुराम दुसऱ्यांदा पुकारला. सावकाश. आतापर्यंतची नावं त्यानं भराभर घेतली होती.

जनीकाकीनं पाटी खाली ठेवली. "शैल्या," असं तिच्या ओठांवर आलेलं त्याला इतक्या लांबून दिसलं. पण तिनं हाक मारली नाही. चारचौघांत त्याला उघडं पाडायचं नव्हतं तिला. शैलेशला वाटलं, मारावी हाक, एकदाचं काय ते होऊन जाऊ दे. आणि वाटलं, नको, देवा, नको. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत.

"कोणी नाही वाटतं बिचाऱ्याचं," रमाताई म्हणाल्या. मोबाइल चालूच होता.

हसुरामनं भोंगा तिसऱ्यांदा उचलला. ह्या वेळी तो बांधाकडे वळला आणि सरळ शैलेशकडे बघत पुकारला, "काळूराम धर्मा!"

शैलेशनं बांधलेली नाडी पुन्हा ओढून बांधली. एक क्षण गेला, दुसरा गेला. हसुराम खाली वाकला, वाट्यातली मरळ शेपटीला धरून उचलली आणि देवीच्या टोपाकडे वळला.

"हाय!"

आवाज वरून आला. सगळा तलाव माना वर करून बघायला लागला.

"हाय! हाय! काळूरामाची चूल हाय!"

चौथ्या मजल्याच्या गॅलरीत, वाळत घातलेल्या कपड्यांच्या मधून, सत्यवती अर्धी बाहेर वाकली होती. आवाज तोच, पनवेलच्या बाजारातला. सोसायटीच्या चारी इमारतींच्या खिडक्या एकामागून एक उघडल्या.

"हसुरामभावजी, थांबा! टाकू नका टोपात! माजा शैल्या खाली उबा हाय, तो काय, बांधावर! त्याच्या हातात द्या!"

सबनीसांनी वर बघितलं, मग शैलेशकडे. हातातला मोबाइल कुणाकडे वळवावा हे रमाताईंना कळेना.

"मला बोलला, यंदा तलाव नाय!" म्हातारी आता हसत होती. हसता हसता ओरडत होती. "आयशीची चेष्टा करतो! फिराला जातंय बोलला, आन गुपचूप वाटा घ्याला गेलाय! मला अवचित आणून द्याचं होतं ना रं, शैल्या?"

खाली कोणी हसलं नाही. गावातलं पोर न् पोर जाणत होतं शैलेश बांधावर कशाला उभा आहे, ऑफिसात तो काय बोलला, उद्या कोण येणार आहे. एकानं तोंड उघडलं असतं तरी पुरे होतं. सबनीसांना काय वाटेल हा विचार कुठल्या कुठे गेला होता. आता भीती एकच होती, आईला कळेल. तो हसुरामच्या हातातल्या भोंग्याकडे बघत राहिला.

हसुरामनं भोंगा उचलला.

"वयनी, पोरगा तुजा आलाय! सकाळपासून उबा हाय वाट्यासाठी!"

आणि भोंगा खाली ठेवून दिला.

शैलेश बांध उतरला. पांढरे बूट घोट्यापर्यंत चिखलात गेले. बायांनी बाजूला होऊन वाट दिली. कुणी त्याच्याकडे बघितलं नाही. जनीकाकीनं तेवढं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि तोंड तलावाकडे फिरवलं. शैलेश ताडपत्रीपाशी पोचला, तेव्हा त्याला कळलं की आपण घ्यायला काहीच आणलेलं नाही. त्यानं दोन्ही हात पुढे केले. हसुरामनं एकेक मासा त्यांवर ठेवला, शेवटी मरळ, ती अजून जिवंत होती.

"काका," शैलेश म्हणाला. "मी उद्या साहेबांना..."

"उद्याचं उद्या," हसुराम म्हणाला. त्याचा आवाज अगदी साधा होता. "तुला काय बोलायचं ते बोल, तुजं तोंड हाय. आज आयशीला जेवायला घाल."

मरळ उसळली. शैलेशनं ती छातीशी दाबून धरली. टी-शर्टवर चिखलाचा पट्टा उठला. बांधावर सबनीस आणि रमाताई अजून तिथंच उभे होते. त्यांच्या शेजारी सोसायटीतले आणखी दोघंतिघं येऊन थांबले होते. घरी जायची वाट त्यांच्यामधूनच होती.

"शैल्या!" वरून आवाज आला. "मरळ हाय काय रं वाट्यात? तुज्या बापसाला आवडाची!"

त्यानं वर बघितलं. उन्हात आईचा चेहरा नीट दिसत नव्हता.

"हाय," तो म्हणाला.

"काय? ऐकू नाय आलं!"

तलाव गप्प होता. बांध गप्प होता. चौथ्या मजल्यावर जाईल एवढ्या मोठ्यानं त्याला ते पुन्हा सांगावं लागलं.

"हाय, आये! हाय!"